रुळांपलीकडचा पाहुणा

“आदी ती आकडी सोड, मगे पाटार बस,” वयनी म्हणाली.

मी उंबऱ्यातच थबकलो. आकडी म्हणजे कमरेला बांधायचा हूक. आमच्या मालवणाकडे माणूस घराबाहेर पडला की पाठीशी आकडीत कोयता लोंबकळत असायचाच. झावळ तोड, जळण फोड, वाटेवरची काटी उडव, काही ना काही काम निघायचं. पण परळच्या नारळवाल्या चाळीत राहणाऱ्या आणि गिरणीत कापसाची ओझी उचलणाऱ्या पोराला धुळवडीच्या सकाळी कोयता कशाला हवा, हे वयनीनं विचारलं नाही. तिला ठाऊक होतं. आकडी तिच्या नवऱ्याची होती. कोयताही त्याचाच.

“भूक नाय,” मी म्हणालो.

“पेज जेवक भूक कित्याक होयी? बस.”

मी आकडीही सोडली नाही आणि पाटावरही बसलो नाही. उभ्या उभ्याच पेज प्यायलो. कोपऱ्यात बुधाजी घाडी बसला होता, भिंतीला टेकून, कालच्या उरलेल्या बांगड्याची वाटी पुढ्यात घेऊन. म्हाताऱ्याच्या तोंडात दात औषधालाही नव्हता. वयनी त्याच्या बांगड्याचा एकेक काटा बोटांनी काढून मग वाटी त्याच्यापुढे सरकवायची. आज बुधाजी मान वर करत नव्हता. एरवी तोंडाचा पट्टा चालू असणारा माणूस गप्प बसला की समजावं, काहीतरी शिजतंय. पण माझं डोकं तेव्हा ठिकाणावर कुठे होतं!

“खय जातलंस?” वयनीनं विचारलं.

“खय नाय.”

“रुळापलीकडे?”

मी वाटी खाली ठेवली आणि जिना उतरलो.

ते रूळ ट्रामचे. आमच्या चाळीसमोरून ते जायचे, आणि तीच आमची सरहद्द होती. अलीकडे आम्ही मालवणी, पलीकडे साताऱ्याकडची माणसं. दोघंही पोटासाठी मुलूख सोडून आलेले, एकाच गिरणीच्या भोंग्याला उठणारे, एकाच पाण्याच्या नळाला रांग लावणारे. तरी ते आमच्या लेखी घाटी आणि आम्ही त्यांच्या लेखी मासेखाऊ. त्यांची तालीम होती, आमचा आखाडा होता. कुणी कुणाच्या हद्दीत विडी ओढली तरी डोकी फुटायची.

एका शिमग्यात डोकं फुटण्यावर भागलं नाही. तिकडच्या पोरांनी आमची होळी पळवली. आम्ही सोडवायला गेलो. काठ्या चालल्या, आणि माझा थोरला भाऊ बाबल ट्रामच्या रुळांवर पडला तो उठलाच नाही. ईश्वरा निकम म्हणून एकाला सजा झाली. वयनी तेव्हा पंचविशीचीही नव्हती. गावी परत जा, असं तिला ज्यानं त्यानं सांगितलं. तिनं सांगणाऱ्यांनाच ताट वाढलं आणि त्या खोलीची खानावळ केली. बांगड्याच्या तिच्या तिरफळ घातलेल्या सारासाठी गिरणीतले लोक पाळी बदलून घेत. त्या खानावळीवर तिनं मला वाढवलं, मिसरूड फुटेपर्यंत.

पण माझी दुसरी एक शिकवणी चालू होती, आखाड्यात, भिकादादाकडे.

भिकादादा मयेकर म्हणजे आमच्या बाजूचा दादा. दुकानदार त्याला बघून गल्ल्यावरून उठायचे. गिरणीत संप झाला की त्याला दोन्ही बाजूंनी बोलावणं यायचं. भांडण चालू होतं तोवर तो भिकादादा होता. मिटलं असतं तर नुसता भिकाजी उरला असता. हे शहाणपण आता सुचतंय. तेव्हा तो मला देवापेक्षा कणभरच कमी वाटायचा. त्यानं मला दंड-बैठका शिकवल्या, आणि रोज मारुतीच्या पाया पडताना एकच वाक्य ऐकवलं : “रक्ताचा काम रक्तान करूक होया, गुणो. दुसऱ्यान करून चलणा नाय.”

होळीच्या आदल्या आठवड्यात ईश्वरा निकम तुरुंगातून सुटून आला. भिकादादानं मला बाजूला घेतलं. “धुळवडीक गाऱ्हाणा झाला की निघायचा,” तो म्हणाला. “त्या दिवशी रंगान भिजलेल्या माणसाक कोण इचारता, तांबडा खयचा म्हणान?”

मी मान डोलावली.

आता गाऱ्हाण्याचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे घडलं. आमच्याकडे कुठलंही शुभकार्य गाऱ्हाण्याशिवाय होत नाही. घाडी नारळ हातात घेऊन देवापुढे उभा राहतो आणि साऱ्या गावाच्या वतीनं देवाला साकडं घालतो. तो एक वाक्य म्हणतो, आणि मागे उभा असलेला जमाव एका आवाजात म्हणतो, “व्हय म्हाराजा!” लहानपणापासून हे इतकं अंगात मुरलेलं असतं, की घाडीचा सूर खाली आला की आमचं तोंड आपोआप उघडतं. तो काय म्हणाला हे ऐकायला कोण बसलंय? पण एकदा देवापुढे ‘व्हय’ म्हटलं की म्हटलं. ते मोडलं तर देव बाधतो. बुधाजीच्या बापानं गावी एकदा अशीच गंमत केली होती. भर गाऱ्हाण्यात त्यानं घुसवून दिलं, की पावसाआधी देवळाची कौलं सारा गाव बिनमजुरीनं चढवील. जमाव म्हणाला, व्हय म्हाराजा. मग कंजूष खोतालासुद्धा डोक्यावरून कौलं वाहावी लागली. म्हातारा मरेपर्यंत गाव त्याला शिव्या घालत होता आणि कोरड्या देवळात बसून घालत होता.

त्या धुळवडीला ऊन चढायच्या सुमाराला सगळी चाळ पटांगणात जमली. होळीच्या राखेशेजारी पाट मांडलेला, त्यावर देवाचा नारळ. पुढे बुधाजी, त्याच्या मागे भिकादादा, मग मी आणि आखाड्यातली पोरं, मग बाकीची पुरुषमाणसं. बायका कडेला. वयनी निरांजनाचं ताट घेऊन बुधाजीच्या जवळच उभी होती.

भिकादादा बुधाजीच्या कानाशी लागला. “काय सांगलंय, ध्यानात आसा मा? गुणोच्या हाताक यश माग.”

“व्हय, व्हय,” बुधाजी पुटपुटला. त्यानं घसा खाकरला. म्हाताऱ्याचं सारं बळ त्या घशातच होतं.

“बा देवा म्हाराजा! मुलूख सोडून, पोटासाठी ही तुझी लेकरां ह्या मुंबयत इल्ली आसत...”

“व्हय म्हाराजा!”

“गिरणीच्या पट्ट्यापासून, साथीच्या आजारापासून, वायटाच्या नजरेपासून तेंचा रक्षण कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“कोणाच्या मनात काय वाकडा इला आसात, तां सरळ कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“हयसर बाबल राऊळ भर शिमग्यात गेलो. तेचो आत्मो तळमळता. तेका आज शांत कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” हे म्हणताना माझा आवाज चिरकला. भिकादादानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. कोयत्याचं टोक माझ्या पाठीला टोचत होतं.

बुधाजीनं दम घेतला. मग त्याची लय वाढली, पावसाची सर कौलांवर यावी तशी.

“आनि म्हाराजा, तो रुळापलीकडचो ईश्वरा निकम आनि ह्यो रुळाअलीकडचो गुणाजी राऊळ, ह्या दोघांका आज सूर्य माथ्यार येवच्या आत, शेवंताच्या खानावळीत, एका पंगतीत जेवक बसय रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आनि जो कोण त्या पंगतीर हत्यार काडीत, तेच्या खळ्यातली तुळस सुकान जाव दे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

नारळ फुटला. दोन सरळ भकलं झाली, पाणी पाटावर सांडलं, आणि मग पटांगणात असं काही शांत झालं, की पलीकडून जाणाऱ्या ट्रामची घंटा ऐकू आली.

शेवंता म्हणजे माझी वयनी. खानावळ म्हणजे आमची खोली. खळं म्हणजे घरापुढचं अंगण, आणि तिथली तुळस सुकणं म्हणजे घर बुडणं. आणि ‘व्हय म्हाराजा’ मी स्वतः म्हणालो होतो, एकदा नाही, दोनदा, शिरा ताणून. भिकादादा तर सगळ्यांपेक्षा मोठ्यानं ओरडला होता. त्याचं तोंड अजून उघडंच होतं.

“बुधाजी!” तो गरजला. “ह्यां काय बोललंस? गाऱ्हाणा परत घाल!”

“नारळ फुटलो रे,” बुधाजी म्हणाला. “फुटलेलो नारळ माका सांदूक येणा नाय. तुका येता तर सांद.”

बायकांतून कुणीतरी फिसकन हसलं. मागच्या खोलीतली म्हातारी यसूमाय काठी टेकत पुढे आली. “भिकू,” ती म्हणाली. त्याला भिकू म्हणायची हिंमत त्या चाळीत तिच्या एकटीत होती. “तू व्हय म्हटलंस मा? मी ऐकलंय. माका कानान कमी ऐकाक येता, तरी ऐकलंय.”

“पण आवशी...”

“पण नाय नि बिण नाय. माझ्या खळ्यात गावाक तुळस आसा. तुझ्याय आसा.”

भिकादादानं इकडे तिकडे पाहिलं. पोलिसांच्या दांडक्याला न भिणारा तो माणूस देवाच्या नारळाकडे बघत घाम पुसत होता. आखाड्यातली पोरं आपापल्या पायांकडे बघत होती. मग सगळ्यांच्या नजरा फिरून माझ्यावर आल्या. ऊन वर चढत होतं, आणि सूर्य माथ्यावर यायच्या आत पलीकडे जाऊन, माझ्या भावाला मारणाऱ्याला जेवायला बोलवायचं काम माझं होतं.

वयनी माझ्यासमोर आली. तिनं हात पुढे केला. मी आकडी सोडली आणि कोयत्यासकट तिच्या हातावर ठेवली.

“बेगीन जा,” ती म्हणाली. “भात निवता.”

मी रूळ ओलांडले. गुलाल लावलेलं कपाळ, अंगात गंजीफ्रॉक, हात रिकामे. खोटं कशाला सांगू, कोयत्यासह गेलो असतो तर इतका घाबरलो नसतो. मारायला जाणाऱ्याला काय बोलायचं ते पाठ करावं लागत नाही. जेवायला बोलवायला जाणाऱ्यानं सुरुवात कशी करायची?

तालमीच्या दारातच मला चौघांनी धरलं. एकानं मानेला पकडून आत ढकललं. हौद्यातल्या लाल मातीशेजारी त्यांचा वस्ताद उघड्या अंगानं बसला होता. आणि लिंबाच्या झाडाखाली, परातीत ज्वारी घेऊन, एक किडकिडीत माणूस खडे वेचत होता. डोक्यावरचे केस नुकतेच उगवायला लागलेले. ईश्वरा निकमला मी राक्षस समजत होतो. राक्षस ज्वारीतले खडे वेचताना दिसेल असं मनातही आलं नव्हतं.

“कोन रं तू?” वस्तादानं विचारलं.

“गुणाजी राऊळ. बाबल राऊळचो भाव.”

परातीतले हात थांबले.

“कशापायी आलास?”

“जेवक बोलवक इलंय. तेका.” मी बोट केलं. “आमच्याकडे. आता. सूर्य माथ्यार येवच्या आत.”

तालमीत हशा पिकला. “ह्याच्या कपाळावर गुलाल हाय का भांग चढलीया रं?” कुणीतरी म्हणालं. एकानं माझी कंबर चाचपली. काही सापडलं नाही, तेव्हा हसू थांबलं. काही न सापडणं हेच त्यांना जास्त संशयाचं वाटलं.

मी गाऱ्हाण्याची हकीकत सांगितली. जमेल तशी, अडखळत. देवापुढे व्हय म्हणून बसलो, आता मोडता येत नाही, असं सांगताना मला माझीच लाज वाटत होती. पण वस्ताद हसला नाही. शपथेचं वजन त्याला कळत होतं.

“ईश्वरा,” तो म्हणाला, “जाऊ नगंस. तितं मारत्याल न्हाईतर जेवणात घालून मारत्याल.”

ईश्वरा उठला. त्यानं हात झटकले, टोपी घातली. “वस्ताद,” तो म्हणाला, “सुटून आल्यापास्नं गावात न्हाई न् हितं न्हाई, कुणी जेवायला चल म्हनलं न्हाई. आयबी म्हनली, आधी देवाला जाऊन ये, मग चुलीपाशी बस. ह्यो पहिला. मरायचं आसंल तर जेवून मरतो.” मग माझ्याकडे बघून म्हणाला, “चल.”

आम्ही दोघं रूळ ओलांडून आलो तेव्हा दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. कुणी रंग उडवत नव्हतं. धुळवडीला इतका कोरडा रस्ता मी पुन्हा पाहिला नाही.

जिना चढून खोलीच्या दारात आलो आणि ईश्वराचा पाय उंबऱ्यावरच अडला. आत वयनी उभी होती, आणि तिच्या उजव्या हातात बाबलभाऊचा कोयता होता.

ईश्वरानं तो बाबलभाऊच्या पाठीशी पाहिला असावा. कोयत्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग त्यानं टोपी काढून छातीशी धरली. तो मागे वळला नाही. माझ्या मनात आलं, वयनीनं घात केला. तुळस सुकली तरी चालेल असं ठरवून बसली होती ही. आणि आतल्या आत कुठेतरी मला बरंही वाटलं. का ते विचारू नका.

वयनीनं कोयता उचलला आणि समोरच्या नारळावर हाणला. नारळ दुभंगला.

“भिया नको,” ती म्हणाली. “साराक खोबरा होया. येक माणूस वाढलो मा.”

आम्ही शेजारी शेजारी बसलो. वयनीनं दोन पाट मांडले होते आणि मध्ये हातभराचंही अंतर ठेवलं नव्हतं. दारात भिकादादा येऊन बसला, आमच्याकडे पाठ करून, हातात लाठी घेऊन. त्याला आता एकच काळजी होती : पाहुण्याला काही झालं तर गाऱ्हाणं त्याच्या माथी मोडायचं. त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मन लावून केलेली राखण त्यानं त्या दिवशी ईश्वरा निकमची केली.

वयनीनं वाढलं. भात, बांगड्याचं सार, तळलेला बांगडा, सोलकढी. ईश्वरा ताटाकडे बघत राहिला.

“काय झाला?” वयनीनं विचारलं.

“मासा कदी खाल्ला न्हाई, आक्का. आमच्या मुलखात वढ्याला पाणीच नस्तंय, मासा कुटला?”

“मगे खा आज.” ती समोर बसली. गुडघ्यावर हात ठेवून तिनं सरळ त्याच्या तोंडाकडे पाहिलं. “आदी येक सांग. तूच मारलंस?”

माझा घास हातात राहिला. दारातली पाठ ताठ झाली.

“व्हय,” ईश्वरा म्हणाला.

त्याच्याकडेही होकाराला ‘व्हय’च म्हणतात. त्या एका शब्दापुरती आमची बोली एकच निघाली.

“गर्दीत कुनाची काठी कुनाला बसली कळलं न्हाई, आसं वकील म्हनायला सांगत हुता,” तो म्हणाला. “पर मला कळलं हुतं. माजीच हुती. रोज कळतंय.”

वयनीची नजर त्याच्यावरून हलली नाही.

“येक इचारू का, आक्का?” ईश्वरा ताटाकडे बघतच म्हणाला. “आमच्याकडं शिमग्याला पोरं समद्या गावाची लाकडं पळवत्यात. पाटलाच्या दाराची चौकटसुदिक न्हेत्यात. कुनी रागावत न्हाई. रीतच हाय. मालक शिव्या देतो, पोरं हसत्यात, झालं. आमी तुमचं लाकूड तसंच न्हेलं. तुमी काठ्या घिऊन आला, तवा आमाला वाटलं, ही मानसं चार लाकडांपायी जिवावर उटली. कशापायी आलता तुमी?”

इतकी वर्षं मी तो दिवस मनात घोळवला होता, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

“तां लाकूड नाय होता,” मी म्हणालो. माझाच आवाज मला ऐकू येईना. “ती होळी. आमच्यात होळी उभी केली की ती देव. तिची पूजा होता. ती पळवली तर वाडीची अब्रू गेली. गावाक रातभर राखण करतत तिची.”

“द्येव?”

“व्हय.”

ईश्वरा म्हणाला, “तुरुंगात लई इचार केला मी. ह्ये न्हाई आलं ध्यानात. आमाला जळण वाटलं. जळण वाटलं रं आमाला!”

त्याला कुठे बघावं कळेना. मग तो जेवायला लागला, भराभर, मान खाली घालून, भाकरी कुस्करावी तसा भातात बांगडा कुस्करून, काट्यासकट. ज्यानं कधी मासा खाल्ला नाही त्याला काटा कुठून ठाऊक! दोन घास गेले. तिसऱ्याला तो थांबला. त्याचे डोळे मोठे झाले. हात गळ्याशी गेला. खोकायला गेला तर खोकलाही फुटेना. चेहरा लालबुंद.

भिकादादा दारातून ओरडला, “मेलो रे मेलो! सगळी म्हणतली आमीच इख घातला!”

वयनी उठायच्या आत माझा हात उठला होता. मालवणी पोराला हे शिकवावं लागत नाही. मी कोरड्या भाताचा मोठा गोळा वळला, डाव्या हातानं ईश्वराचं डोकं मागे धरलं आणि तो गोळा माझ्या हातानं त्याच्या तोंडात घातला.

“गीळ! चावू नको. तसोच गीळ!”

तो गिळेना. मी त्याच्या पाठीत थापटी मारली. “गीळ रे मेल्या!”

त्यानं गिळलं. मी दुसरा गोळा घातला. तोही गेला. मग एकदम त्याचा श्वास मोकळा झाला आणि तो दोन्ही हात जमिनीवर टेकून धापा टाकू लागला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. काट्यानं की कशानं, ते मी विचारलं नाही. माझ्याही डोळ्यांत होतं, आणि माझ्या घशात तर काटा नव्हता.

माझा उजवा हात भातानं माखलेला होता. त्याच हाताच्या भरवशावर भिकादादानं धुळवड ठरवली होती. त्या हाताकडे मी कितीतरी वेळ बघत बसलो.

वयनीनं ईश्वराचं ताट स्वतःकडे ओढलं. बुधाजीसाठी काढायची तसा तिनं एकेक काटा काढला आणि ताट परत सरकवलं. “गुणो,” ती म्हणाली, “तेका काटे काडूक येणत नाय. पुढच्या वेळेक शिकय.”

पुढच्या वेळेला! भिकादादानं हे ऐकून कपाळावर हात मारला. मग तोही लाठी भिंतीला लावून आत आला आणि आमच्या पंगतीला बसला. भूक कुणाला चुकली आहे?

त्यानंतर रुळांच्या दोन्ही बाजूंना सगळं गोडगोड झालं, असं मी म्हणणार नाही. नळावरची भांडणं नळ होता तोवर चालली. पण त्या रस्त्यावर पुन्हा कुणाचा जीव गेला नाही. गिरणीतला पुढचा मोठा संप दोन्ही बाजूंनी मिळून केला, तेव्हा ईश्वराच्या तालमीतली पोरं वयनीच्या खानावळीत जेवली. पोरं तिखटानं घाम पुसायची आणि पुन्हा सार मागायची. भिकादादाचा दरारा हळूहळू ओसरला. शेवटी तो आखाड्यात पोरांना नुसती कुस्ती शिकवायचा, आणि फार चांगली शिकवायचा.

बुधाजी थकला तेव्हा त्याला गावी पाठवायचं ठरलं. मी त्याला मालवणच्या बोटीवर पोचवायला गेलो. धक्क्यावर बसल्या बसल्या मी त्याला विचारलं, “बाप्पा, खरा सांग. त्या दिवशी तां तुका कोणी सुचयला? देवान?”

बुधाजी बोळक्या तोंडानं हसला. “देवान खय रे! देव लांब, बांगडो जवळ. आदल्या दिवशी शेवंता माका म्हणाली, ‘उद्या माझ्या दिराच्या हाताक रगात लागला तर परवापासून माझ्या चुलीर तुका जागो नाय. आनि काय बोलूचा तां मी सांगतंय, ऐक.’ मगे माझ्याकडसून पाठ करून घेतल्यान. चुकलंय की पेजेची वाटी माघारी घेई. तुळशीचा तेवडा मी माझ्या पदरचा घातलंय, हां.”

मी घरी येऊन वयनीला विचारलं. ती चुलीतली लाकडं मागे ओढत होती. “मी कित्याक सांगू?” ती म्हणाली. “बायल माणसान गाऱ्हाणा घालूचा नसता.” थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, म्हणाली, “घोव गेलो तेव्वा माझ्या हातात काय नव्हता. ह्या खेपेक होता, येवडाच.” मी तिच्या पाया पडलो. तिनं मला चुलीत फुंकर मारायला बसवलं.

पण हे सगळं पुढचं. मला सांगायची आहे ती त्याच्या आधीची, लगेच दुसऱ्या वर्षीच्या शिमग्याची गोष्ट. होळी उभी होती. बुधाजी नारळ घेऊन पुढे, आम्ही मागे, वयनी निरांजन घेऊन कडेला. पहिलं वाक्य झालं, सूर खाली आला, आणि सारी चाळ गरजली, “व्हय म्हाराजा!”

आमचा आवाज विरतो न विरतो तोच, मागून, रुळांच्या अलीकडून, एकटाच एक आवाज आला. उशिरा, चाचरत, साताऱ्याच्या हेलात.

“व्हय म्हाराजा.”

कुणीच मागे वळलं नाही. गाऱ्हाण्यात वळायचं नसतं. वयनीनं निरांजनाची वात बोटानं पुढे सारली आणि माझ्याकडे झुकून हळूच म्हणाली, “म्हणजे जेवक येतलो.”